मराठीतनं कोण फसवणार?

"मराठीतनं कोण फसवणार गं?" मावशीनं मला असं विचारलं आणि माझं डोकंच फिरलं. मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. व्हायरस म्हणजे काय, ट्रोजन म्हणजे काय, हे पोरांना सांगून सांगून माझा घसा बसलाय. आणि माझी सख्खी मावशी, म्हैसूरच्या चामराजपुरमात माझ्यापासून दोन गल्ल्या पलीकडं राहणारी, स्वतःच्या हातानं तसलाच एक प्रोग्रॅम फोनमध्ये घालून घेऊन बसली होती. वर मलाच विचारत होती, मराठीतनं कोण फसवणार.

झालं होतं असं. तिच्या मोबाईलवर एका अनोळखी नंबरावरनं मेसेज आला. 'आमचे येथे श्रीकृपेकरून आमच्या कन्येचा विवाह योजिला आहे, तरी अगत्य येणेचे करावे.' खाली लग्नपत्रिका म्हणून एक फाइल. मावशीनं ती उघडली. फोन बिचारा विचारत राहिला, ही फाइल अनोळखी ठिकाणाहून आली आहे, खात्री आहे का? पुन्हा विचारलं, परवानगी द्यायची का? मावशी म्हणे, "किती विचारतंय ते! मी म्हटलं, आहे रे बाबा खात्री, उघड की!" उघडलं. पत्रिका नव्हतीच त्यात. वधू नाही, वर नाही, मुहूर्त नाही. तिनं चष्मा पुसून पुन्हा बघितलं, मग फोन ठेवला आणि सांबाराला फोडणी द्यायला गेली.

बाहेरच्या लोकांना तिचा हिशेब कळायचा नाही, म्हणून सांगते. म्हैसूरात माणसाला कन्नडमधनं फसवतात, इंग्लिशमधनं फसवतात, हिंदीत तर बँकेचे साहेब म्हणून रोज कोणीतरी फोन करतंय. मराठीत कोणी फसवत नाही, कारण मराठीत आमच्याशी कोणी बोलतच नाही. आमचे पूर्वज कुठल्याशा फौजेबरोबर इथं आले आणि इथलेच झाले. पानात भात जास्त पडला की आम्ही 'पुरे' न म्हणता 'साकु, साकु' करतो, त्या कन्नड शब्दाशिवाय आमचं पोट भरत नाही. शुद्ध मराठी ऐकायला मिळते ती पुण्याहून नोकरीला आलेल्या लोकांकडनं, आणि ते आमची मराठी ऐकून हसतात. तेव्हा 'अगत्य येणेचे करावे' असं लिहिणारा माणूस आपल्याच नात्यातला असणार, फक्त कुठल्या शाखेतला ते आठवत नाही, एवढाच संशय मावशीच्या मनात होता.

तिकडं फोडणी तडतडेपर्यंत त्या फाइलनं तिच्या फोनमधल्या सगळ्यांना तीच पत्रिका धाडली. भजनमंडळ, दूधवाला, गॅसवाला, मावशीच्या वारलेल्या यजमानांच्या, म्हणजे काकांच्या, ऑफिसातले रिटायर लोक, पुरोहित, दातांचे डॉक्टर. सगळ्यांना मावशीच्या नावानं आग्रहाचं निमंत्रण! आणि मग घरचा जुना लँडलाइन जो वाजायला लागला, तो थांबेना.

पहिला फोन सुनेचा, बेंगळूरहून. सून कन्नड घरातली, बोलायला अगदी मऊ. "अत्ते, यारदु मदुवे?" म्हणजे सासूबाई, लग्न कुणाचं? आता या घरात लग्नाच्या वयाचं कोणी नाही. एकुलता एक मुलगा, तो हिचाच नवरा. मावशीला काही उत्तर सुचेना, आणि उत्तर यायला उशीर होतोय म्हटल्यावर तिकडं सुनेचा आवाज जरा कमी मऊ झाला. भजनमंडळाच्या सेक्रेटरीला वाटलं, मावशीच पुन्हा लग्न करतेय. तिनं आनंदानं अभिनंदन केलं आणि वर म्हणाली, आजकाल कोणी नावं ठेवत नाही हो! सगळ्यात भडकली ती चुलत जाऊ. "जावेला असं मोबाईलवरनं बोलावतात होय? अक्षत घेऊन घरी यायला पाय मोडले का तुझे?" लग्न नाहीच म्हटल्यावर ती आणखी चिडली, कारण आता रुसायलाही जागा उरली नाही.

ज्यांनी ज्यांनी फाइल उघडली, त्यांच्या त्यांच्या फोनवरनं ती पुढं गेली. समोरच्या घरातल्या वीणा शिकवणाऱ्या बाईंचा फोन तर पार आडवाच झाला. मावशी घरोघर जाऊन माफी मागून आली. बँकेचं काही गेलं नाही, कारण बँकेचं ॲप तिनं कधी घेतलंच नव्हतं. बँकेत ती स्वतः जाते, तिथल्या पंख्याखाली बसून चार ओळखीच्या लोकांशी बोलून येते.

रविवारी मुलगा आला. माझा मावसभाऊ मोठ्या कंपनीत आहे, माणूस वाईट नाही, पण कायम मीटिंगमध्ये असल्यासारखा बोलतो. त्यानं आईचा फोन घेतला, सगळं पुसून टाकलं आणि फोन स्वतःच्या बॅगेत घातला. तिच्या हातात बटणांचा एक फोन दिला. "अम्मा, इष्टु साकु. कॉल येईल, कॉल जाईल. एवढं पुरे तुला." शाळेत जायला लागल्यापासून तो तिला अम्माच म्हणतो. मराठी त्याला कळते, बोलायची वेळ आली की दोन वाक्यांत गाडी कन्नडवर जाते.

त्या बटणांच्या फोनकडं मावशीनं असं बघितलं, की मलाच भरून आलं. काका गेल्यापासून ती त्या मोठ्या फोनवर मराठी बातम्या बघायची, मराठी पाककृती ऐकायची. कांदा कसा चिरायचा हे सत्तरी उलटलेल्या बाईला कुणी शिकवायला नको, ती फक्त बोलणं ऐकायची. मी भावावर उखडले. "तुझ्या कंपनीत कुणी चुकीच्या लिंकवर बोट ठेवलं तर त्याला काय टाइपरायटर देता काय रे?" तो म्हणाला, "आमच्याकडं ट्रेनिंग देतात, टेस्ट घेतात." मी म्हटलं, "मग हिची घे!" तर हा खरंच कबूल झाला. दसऱ्याला येईन, सगळे प्रकार विचारीन, सगळे नीट सांगितले तर फोन परत. नाहीतर नाही.

म्हणजे मास्तरकी माझ्याच गळ्यात पडली. पहिल्या दिवशी मी कॉलेजातल्या स्लाइड घेऊन गेले. मावशी दुसऱ्या स्लाइडला घोरायला लागली. मी खेकसले तर म्हणाली, "अय्यो, तू शिकवतेस की धमकावतेस? साधं सांग की."

साधं सांगायला बसले. व्हायरस म्हणजे असा प्रोग्रॅम, जो स्वतः कुठं जात नाही. दुसऱ्या एखाद्या फाइलला चिकटतो, ती फाइल कुणी उघडली की हा जागा होतो आणि आणखी फाइलींना चिकटतो. मावशी ताडकन म्हणाली, "आमचे थोरले भावजी! एकटे कधी कुठं गेले नाहीत. कोणी निघालं की मागनं गाडीत बसायचे, आणि जिथं जातील तिथं मुक्काम ठोकायचे." मी म्हटलं, बरोबर. मग वर्म. त्याला हिनं लगेच कन्नड नाव दिलं, हुळ, म्हणजे किडा. हुळाला चिकटायला फाइल लागत नाही, नेटवर्क सापडलं की आपल्या पायांनी चालत सुटतो आणि जाईल तिथं स्वतःसारखाच दुसरा सोडतो. यावर मावशीनं भजनमंडळाच्या सेक्रेटरीचं नाव घेतलं. तिला बातमी सांगावी लागत नाही, घराशेजारनं गेली तरी पुरतं.

ट्रोजनला मात्र आमचं जुंपलं. मी तिला घोड्याची गोष्ट सांगितली. शत्रूनं लाकडाचा मोठा घोडा केला, आत सैनिक लपवले, शहरातल्या लोकांनी भेट समजून तो आत ओढून घेतला. मावशी म्हणे, "घोडा कशाला घेतील आत?"

"घेतला. गोष्ट आहे ती."

"म्हैसूरात घोडा दारात आला तर लोक म्हणतील घोडेस्वार पोलीस आले. दार लावून घेतील. हत्ती म्हण. हत्ती आला की आपण केळं घेऊन धावतो."

"मावशी, सगळ्या जगात घोडा आहे!"

"मग सगळं जग फसेना का घोड्याला. मी हत्तीलाच फसणार."

आणि मी हत्ती कबूल केला. ट्रोजनची सगळी करामत तीच. तो दार फोडत नाही, तुम्हाला जे हवंसं वाटतं तेच रूप घेऊन दारात येतो, आणि दार तुम्हीच उघडता. तिच्या फोनमधली पत्रिका तशीच आत आली होती आणि आत आल्यावर हुळासारखी पसरली होती. एकाच प्रोग्रॅमच्या अंगी दोन दोन कला असतात, हे सांगितल्यावर मावशी म्हणाली, मेल्याला पगार काय मिळतो?

कुलूप घालून खंडणी मागणारा प्रोग्रॅम, रॅन्समवेअर, तिला सगळ्यात पटकन कळला. "म्हणजे दार अडवणं! माझ्या लग्नात नणंदेनं नाही का उंबऱ्यावर हात आडवा धरला होता, तुझी मुलगी माझ्या मुलाला देणार का बोल, मगच आत सोडते." मी म्हटलं, तसंच, फक्त इथं पैसे दिले तरी दार उघडेलच असं नाही. मावशीचा चेहरा पडला. "नणंद बरी की मग," ती म्हणाली. नणंदेबद्दल तिच्या तोंडून चांगलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

एवढ्यात नवरात्र आलं. म्हैसूरात नवरात्रात घरोघर गोंबे मांडतात, म्हणजे पायऱ्या पायऱ्यांची मांडणी करून त्यावर बाहुल्या. आम्ही मराठी असलो तरी घटाशेजारी गोंबे असतातच, त्याशिवाय शेजारणी आत यायच्या नाहीत. दरवर्षी कोणी खेडं मांडतं, कोणी लग्न, कोणी क्रिकेटची मॅच. मावशीनं यंदा दुष्ट प्रोग्रॅम मांडले!

मी बघायला गेले आणि उंबऱ्यातच थबकले. सगळ्यात वर राजा-राणीची लाकडी जोडी, मानाप्रमाणं. त्यांच्याखाली बैलगाडी, आणि गाडीच्या मागं डिंकानं चिकटवलेला एक जाडा मिशाळ बाहुला, भावजी. त्याखालच्या पायरीवर मार्केटातनं आणलेले रबरी किडे, एका घरातनं दुसऱ्या घरात चाललेले. मधोमध कागदाच्या लगद्याचा पोकळ हत्ती, झूल घातलेला, गळ्यात हार, समोर केळं. पोटाखालची चकती काढली की आतनं झुरळं बाहेर. मी घाबरून विचारलं, "अगं, दसऱ्याच्या मिरवणुकीतला देवीच्या अंबारीचा हत्ती तर नाही केलास ना हा?" तर म्हणाली, "इतकी बावळट वाटले का? अंबारी दिली नाही मी त्याला. म्हणून तर ओळखायचा." उंबऱ्यावर हात आडवा धरलेली नऊवारीतली नणंद होती. आणि सगळ्यात खाली, एका कोपऱ्यात, पडद्याआड एक बाहुली ठेवली होती, तिचे नुसते डोळे दिसत होते. ती स्पायवेअर, चोरून बघणारी.

चामराजपुरमभर बोभाटा झाला. बायका कुंकू लावून घ्यायच्या, सुंडल, म्हणजे फोडणीचे हरभरे, खायच्या आणि हत्तीचं पोट उघडून किंचाळायच्या. ज्यांचा फोन आडवा झाला होता, त्या वीणावाल्या बाई तर दोनदा आल्या आणि स्वतःच्या पाहुण्यांना समजावून सांगू लागल्या. चुलत जाऊही आली. तिला मावशीनं घरी जाऊन, अक्षत देऊन बोलावलं होतं.

मग परीक्षा. मावसभाऊ आणि सून बेंगळूरहून आले. भाऊ खुर्ची ओढून गोंब्यांसमोर बसला, मांडीवर तो जप्त केलेला फोन. माझ्या स्वतःच्या परीक्षांना मी इतकी घाबरले नव्हते. मावशी मात्र पदर खोचून उभी राहिली आणि एकेका पायरीवर बोट ठेवून धडाधडा सांगत सुटली. भावजींपाशी भाऊ हसला. हत्तीपाशी गंभीर झाला. "व्हाय एलिफंट?" मावशीनं त्याला घोडा आणि पोलीस समजावले. सून टाळ्या वाजवायचीच बाकी होती.

खालच्या कोपऱ्यापाशी मावशी थांबली. "आणि ही. ही काही मोडत नाही, काही मागत नाही. फोनमध्ये गप्प बसते आणि आपण कुठं जातो, काय बोलतो, ते दुसऱ्याला कळवते. आता मला तू एक सांग. गेल्या वर्षी मी भजनमंडळाबरोबर बन्नीमंटपच्या मैदानावर दसऱ्याच्या मशालींच्या कवायतीची तालीम बघायला गेले होते. घरात कुणाला सांगितलं नव्हतं. तिथं तुझा फोन आला, अम्मा, बन्नीमंटपला काय करतेस. तुला कसं कळलं रे?"

भाऊ एकदम मोबाईलकडं बघायला लागला.

"मी सगळ्यांना सांगितलं तेव्हा. पोटच्या पोराला कळतं म्हटलं. रडले पण जरा."

"अम्मा, ते सेफ्टीसाठी... लोकेशनचं साधं ॲप आहे ते. सगळेच..."

"मला विचारून घातलंस?"

सून त्याच्याकडं वळली आणि कन्नडमध्ये अगदी हळू विचारलं, माझ्या फोनमध्ये पण आहे का? त्यावर तो जो फोनची काच बाहीला पुसायला लागला, ते बघून मला हसू आवरेना. मी सुंडल आणायच्या निमित्तानं आत पळाले.

परत आले तेव्हा भाऊ शेवटचा किल्ला लढवत होता. "हे सगळं येतंय तुला, मग ती फाइल का उघडलीस? फोन इतकं विचारत होता. अनोळखी नंबर होता. तुला शंका नाही आली?"

"आली की."

"मग?"

मावशी खाली बसली. पडद्याआडची बाहुली उगाच नीट केली. "मराठीत होतं ते," ती म्हणाली. "तुझे बाबा गेल्यापासनं या घरात मला मराठीतनं 'ये' म्हणून कोणी म्हटलं नाही. खोटं असेल असं वाटलं मला. पण खरं असलं तर, म्हणून उघडलं."

मला तर इतकं वाईट वाटलं की सुंडलची वाटी हातात तशीच राहिली. भावानं फोन तिच्या हातात दिला, आणि त्याआधी, फोन पुसून झाल्यावरही त्यानं परत घातलेलं ते लोकेशनचं ॲप तिच्यासमोर काढून टाकलं. सुनेनं स्वतःचाही फोन पुढं केला.

दसरा झाला, ती दोघं परत गेली, गोंबे पेटीत गेले. नंतर एका दुपारी मावशी धापा टाकत माझ्या घरी आली. फोन तिनं हात लांब करून दोन बोटांत धरला होता.

"लवकर बघ. पोराचा फोन कोणीतरी पळवलाय!"

मी बघितलं. त्याच्याच नंबरावरनं मेसेज होता. देवनागरीत. 'आई जेवलिस का'.

"बघ, सगळ्या खुणा आहेत," ती म्हणाली. मी शिकवल्या तशा एकेक मोजून दाखवायचा आवेश होता. "एक तर भाषा नेहमीची नाही. तो कधी मराठीत लिहितो? त्याला लिहिता येतच नाही. शुद्धलेखन चूक आहे, तू म्हणालीस चोरांचं शुद्धलेखन चुकतं. आणि आई कोण? मला तो अम्मा म्हणतो. शिवाय वाचल्यावर छातीत कसंतरी झालं. घाबरवणारा किंवा रडवणारा मेसेज आला की आधी संशय घ्यायचा, तूच म्हणाली होतीस ना? मी ब्लॉक करायला निघाले होते."

चारही मुद्दे बिनचूक होते. माझ्या वर्गात एका पोरानं इतकं नीट लिहिलं असतं तर मी पैकीच्या पैकी दिले असते. मी म्हटलं, "थांब, ब्लॉक नको. फोन लाव आणि खात्री कर."

तिनं लावला, स्पीकरवर. तिकडनं भावाचा आवाज आला, पण आवाजावर ही विश्वास ठेवायला तयार नव्हती, आवाजाचीही नक्कल करतात हे मीच सांगून बसले होते.

"लहानपणी तू नाकात काय घातलं होतंस?" मावशीनं दरडावलं.

"काय? अम्मा, मी ऑफिसात आहे..."

"काय घातलं होतंस सांग!"

"चिंचोका," तिकडनं दबका आवाज आला.

"कुठल्या नाकपुडीत?"

"उजव्या."

मावशीनं माझ्याकडं बघितलं. तिचे डोळे भरून आले होते आणि आवाज मात्र अजून पोलिसाचाच होता. "मग ते तूच लिहिलंस?"

"हो," भाऊ म्हणाला. मग जरा थांबून, अडखळत, "चूक आहे काय?"

"आहे की, 'जेवलीस'ला दुसरी वेलांटी असते," मावशी म्हणाली. "जेवले मी. तू जेव आता."

फोन ठेवला. पदरानं डोळे पुसले, चष्मा पुसला, आणि तो मेसेज उघडून पुन्हा वाचला. मग फोन माझ्यापुढं केला.

"आता हे पुसलं जाऊ नये म्हणून काय करायचं," ती म्हणाली, "ते शिकव मला."